जेव्हा युरोप अंधारात होता

‘जेव्हा सारा युरोप अज्ञानाच्या अंधारात चाचपडत होता, तेव्हा आमच्या या पुण्यभूमीत...’ हे वाक्य ज्याच्या कानांवरून कधी गेले नाही असा सुशिक्षित मराठी मनुष्य शोधूनही सापडावयाचा नाही. वाक्याचा उत्तरार्ध वक्त्याच्या गावाप्रमाणे बदलतो; कोणी तेथे वेरूळची लेणी बसवतो, कोणी आर्यभट, कोणी नालंदा. पूर्वार्ध मात्र अचल. आमच्या गोंदियाकडे उत्तरार्धही ठरून गेल्यासारखा आहे : तेव्हा आमगावजवळच्या पद्मपुरात महाकवी भवभूती जन्मास आला. टाळ्या पडतात, अध्यक्ष मान डोलावतात, आणि चहाचे कप फिरू लागतात.

भवभूतीविषयी आमचे काडीइतकेही भांडण नाही. आपण दक्षिणापथातील पद्मपूरचे, हे त्याने आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत स्वतःच सांगून ठेवले आहे. ते पद्मपूर म्हणजे आमगावनजीकचे हे खेडे होय, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी प्रतिपादन केले. दुर्गकडे सापडलेला एक अपुरा राहिलेला वाकाटक ताम्रपट पद्मपुराहूनच काढलेला आहे, हाही त्यांच्या बाजूचा एक पुरावा. कोणी वेगळी स्थाने सुचवतात. आम्हांस मिराशींचे मत ग्राह्य वाटते. आमगावात भवभूतीच्या नावाचे महाविद्यालय आहे, आणि ते असावे हेच योग्य. आमचे भांडण आहे ते त्या पूर्वार्धाशी. तो पूर्वार्ध खोटा आहे एवढ्यावरच भागत नाही. तो आपल्या उत्तरार्धाचीही हानी करतो, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम खोटेपणाचा हिशेब. कल्हणाच्या राजतरंगिणीप्रमाणे भवभूती कनौजच्या यशोवर्म्याच्या आश्रयास होता. म्हणजे त्याचा काळ इसवी सनाच्या आठव्या शतकाचा पूर्वार्ध. नेमक्या त्याच वर्षांत इंग्लंडच्या उत्तर टोकाला, जॅरो येथील मठात, बीड नावाचा एक साधू लिहीत बसला होता. (आमच्या बीड शहराशी या नावाचा संबंध नाही, हे सांगून ठेवलेले बरे.) वयाच्या सातव्या वर्षी त्याला मठाच्या स्वाधीन केले होते, त्यानंतरचे सारे आयुष्य त्याने तेथे वाचण्यात, शिकवण्यात आणि लिहिण्यात घालवले, आणि ७३५ साली तेथेच देह ठेवला. ७२५ साली त्याने कालगणनेवर ग्रंथ लिहिला व ७३१ साली आपल्या लोकांच्या धर्माचा इतिहास पुरा केला. ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची रीत डायोनिसियस नावाच्या साधूने ५२५ साली काढली होती. ती पश्चिम युरोपात रूढ होण्यास या बीडचे ग्रंथ मोठे कारण झाले. तेव्हा ‘युरोप अंधारात होता’ असे भाषण ज्या समारंभात व्हावयाचे, त्याच्या निमंत्रणपत्रिकेवरची तारीख ही त्या अंधाराचीच देणगी असते! त्याच पत्रिकेवर एखादी इंग्रजी ओळ असेल तर तिची लहान लिपीही, कारण आज इंग्रजी ज्या लहान अक्षरांत छापतात त्यांचे वळण शार्लमेन राजाच्या काळी, आठव्या शतकाच्या अखेरीस, फ्रँक लोकांच्या मठांत बसले. एवढेच नव्हे, तर प्राचीन रोमच्या ज्या ग्रंथांच्या तेजापुढे हा काळ काळवंडलेला दिसतो, त्यांतील फार मोठा भाग आज हाती आहे तो याच ‘अज्ञानी’ साधूंनी नवव्या शतकात बोटे गारठेपर्यंत नकला केल्या म्हणून. दिवा जपणाऱ्यालाच आंधळा म्हणण्याची ही तऱ्हा होय.

मग हा ‘अंधार’ आला कोठून? तो चौदाव्या शतकातील पेत्रार्क या इटालियन कवीपासून आला. त्याला प्राचीन रोमचे वेड होते, आणि रोमनंतरचे सारे त्याला काळोखे दिसत होते. पुढे अठराव्या शतकातील तत्त्वज्ञांना धर्मसंस्थेशी झुंजायचे होते, तेव्हा त्यांनी हा शब्द हत्यार म्हणून वापरला. गिबनचा रोमच्या ऱ्हासाचा ग्रंथ १७७६ ते १७८८ या वर्षांत निघाला आणि इंग्रजी सुशिक्षितांच्या मनात तो काळोख कायमचा बसला. तेथून तो शाळेच्या इंग्रजी इतिहासांत शिरला, व त्यांवरून आमच्या क्रमिक पुस्तकांत. म्हणजे युरोपातील नातवांनी आपल्या पणजोबांस दिलेली शिवी आम्ही उचलली आणि आमचा देशाभिमान तिच्यावर उभा केला. दुसऱ्याच्या घरातील भाऊबंदकीवर स्वतःची पत वाढवणारा शेजारी आपणांस ठाऊक असतो. त्याला गावात कोणी शहाणा म्हणत नाही. आणि गंमत अशी की ज्यांच्या घरची ही शिवी, त्यांच्या इतिहासकारांनी ती केव्हाच टाकून दिली आहे. आम्ही मात्र ती जपून ठेवली आहे.

आता प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य केलेच पाहिजे. रोमचे साम्राज्य मोडले तेव्हा फार मोठी हानी झाली. ४७६ साली पश्चिमेचा शेवटचा बादशहा पदच्युत झाला, ही गोष्ट त्या काळच्या माणसास कदाचित फारशी जाणवली नसेल. पण ५३७ साली गॉथांनी रोमला वेढा घालून शहरात पाणी आणणारे पाट तोडले, ते घागर घेऊन उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला जाणवले असणार. ५४१ साली महामारी आली. लाखोंचे रोम शहर काही हजारांवर आले. ब्रिटनमध्ये तर साधी चाकावरची भांडी करण्याची कलाही काही काळ लोपली, आणि ब्रायन वॉर्ड-पर्किन्स या विद्वानाने २००५ साली पुन्हा बजावून सांगितले आहे की या पडझडीला गोड नाव देऊ नका. देत नाही. परंतु पडझड आणि अंधार हे दोन वेगळे शब्द आहेत. घर पडले म्हणजे त्यातील माणसे आंधळी होत नाहीत; ती उठतात आणि पडक्या भिंतीच्या दगडांनी पुन्हा चूल मांडतात. त्या मांडण्यातच त्या शतकांचा इतिहास आहे.

तो पाहावयाचा तर दरबाराकडे पाठ करून शेताकडे तोंड करावे लागते. रोमन जमीनदारांच्या शेतावर गुलामांचे तांडे राबत. पुढील शतकांत बहुतेक ठिकाणी त्यांच्या जागी स्वतःचे घर, स्वतःची बायकामुले आणि वहिवाटीचा जमिनीचा तुकडा असलेले कूळ आले. ते स्वतंत्र नव्हते, जमिनीला बांधलेले होते. तरीही बाजारात विकल्या जाणाऱ्या माणसापेक्षा ते निराळे होते. उत्तरेच्या चिकण, ओल्या जमिनीत रोमन नांगर चालेना; तेथे माती उलथणारा जड नांगर पसरला आणि अरण्ये मागे हटू लागली. दळण्याचे काम बायकांच्या हातांतून निघून ओढ्याच्या पाण्याकडे गेले. १०८६ साली इंग्लंडच्या विजेत्या राजाने मुलुखाची मोजदाद केली, तेव्हा त्या एका देशात पाच हजारांहून अधिक पाणचक्क्या नोंदल्या गेल्या. भाषाही बदलल्या. ८१३ साली तूर येथील धर्मपरिषदेने ठरवले की प्रवचने लोकांना समजतील अशा गावठी बोलीत करावीत, म्हणजे लॅटिन आता लोकांस कळत नाही हे पंडितांनी कबूल केले. आणि ८४२ साली स्ट्रासबुर्ग येथे शार्लमेनच्या दोन नातवांनी सैन्यांसमोर ज्या शपथा घेतल्या, त्यांत आजच्या फ्रेंच भाषेचे पहिले बोल लिहून ठेवलेले सापडतात. आपल्याकडे हेच चालले नव्हते काय? भवभूतीचे राम संस्कृतात रडतात, परंतु त्याच्याच नाटकांतील बहुतेक स्त्रिया प्राकृतात बोलतात. पद्मपुरच्या पाणवठ्यावर त्या प्राकृतापुढची कोणती बोली ऐकू येत होती? तिच्यातूनच घडत घडत पाचशे वर्षांनी रिद्धपुरास म्हाइंभटांचे लीळाचरित्र लिहिले गेले. सिंहासने कोणाची होती, यापेक्षा हा बदल कितीतरी खोल आहे. आणि तो युरोपात व विदर्भात जवळजवळ एकाच चालीने झाला.

येथे आमचा मुख्य मुद्दा येतो, आणि तो काही वाचकांस रुचणार नाही. आपल्याकडील उजेड म्हणून ज्या कागदपत्रांचा आपण निर्देश करतो ते म्हणजे ताम्रपट. वाकाटक दुसऱ्या प्रवरसेनाचा, पाचव्या शतकातील, चम्मकचा ताम्रपट त्यांत प्रसिद्ध आहे. त्यात राजाने चर्मांक गावची आठ हजार भूमी एक हजार ब्राह्मणांस दिली आहे, आणि त्यांतील एकोणपन्नास जणांची गोत्रांसह नावे कोरली आहेत. सवलती वाचण्यासारख्या आहेत : या गावात राजाचे भट व छत्रधारी शिरणार नाहीत, गावाने दूध, फुले, चारा, बसावयास कातडी, कोळसा देण्याचे कारण नाही, मिठाची बाब माफ, वेठ माफ, गुप्तनिधी सापडला तर तोही घेणाऱ्याचा. राजाने अटीही घातल्या आहेत, की या ब्राह्मणांनी राज्यद्रोह करू नये, लढाई करू नये, इतर गावांस उपद्रव देऊ नये. म्हणजे तसा अनुभव कोठे तरी आला असावा! आता याच्या शेजारी सातव्या शतकातील फ्रँक साधू मार्कुल्फ याने जमवलेल्या नमुना-सनदा ठेवा. त्यांतही राजा मठाला जमीन देतो, आणि त्या जमिनीत सरकारी न्यायाधिकाऱ्याने पाऊल टाकू नये, दंड वसूल करू नये, असे लिहून देतो. दोन राजांनी एकमेकांचे नाव ऐकलेले नाही. मजकूर मात्र जणू एकाच लेखकूने उतरून काढलेला.

पण एक फरक आहे. चम्मकच्या पटात दान देणारा आहे, दान घेणारे आहेत, लढाईची बंदी आहे, गाई-बैल आहेत, कोळसासुद्धा आहे. जमीन नांगरणारा नाही. दूध, चारा, कोळसा आजवर कोण पुरवत होता, आणि राजाची वेठ माफ झाल्यावर ती दान घेणाऱ्याच्या पदरात पडली की खरोखरच संपली, याचे उत्तर त्या तांब्यावर नाही. उलट पॅरिसजवळच्या सँ-जेर्मां-दे-प्रे या मठाचा अधिपती इर्मिनों याने नवव्या शतकाच्या आरंभी आपल्या मठाच्या जमिनींची जी बखर करवली, तीत कुळांची नावे आहेत, त्यांच्या बायकांची नावे आहेत, लेकरांची मोजदाद आहे. बोदो नावाचे एक कूळ, त्याची बायको एर्मेंत्रूद, त्यांची तीन मुले. त्यांनी इतर देण्यांबरोबर तीन कोंबड्या व पंधरा अंडी द्यावयाची. आयलीन पॉवर या विदुषीने १९२४ साली या बोदोच्या एका दिवसावर प्रकरण लिहिले आणि तो इंग्रजी वाचकांच्या घरचा झाला.

कोणी म्हणेल, मठाने नावे लिहिली ती प्रेमाने नव्हे, कोंबड्या मोजण्यासाठी. अगदी खरे. तथापि हजार-बाराशे वर्षांनंतर त्या नोंदीवरून एका शेतकऱ्याच्या बायकोचे नाव आपणांस उच्चारता येते, आणि आमच्या विदर्भातल्या प्रकाशमान युगातील एकाही नांगरधाऱ्याच्या बायकोचे नाव आम्हांस ठाऊक नाही. अंधार कोणाकडे होता, हा प्रश्न या कसोटीला लावला तर उत्तर उलटेच येईल. आणि तेही खोटेच असेल. झाडाच्या पानावर, कापडावर, माणसाच्या तोंडी जे होते ते आमच्या पावसाळ्यात टिकले नाही एवढेच कदाचित त्यातून निघेल. आमचा आग्रह इतकाच की कसोटीच चुकीची आहे.

याच प्रकारचा एक दोष उलट दिशेनेही झाला आहे. रामशरण शर्मा यांनी १९६५ साली ‘भारतीय सरंजामशाही’ मांडली, आणि अशा भूमिदानांतून युरोपसारखीच सरंजामी व्यवस्था आमच्याकडे उपजली असे म्हटले. हरबन्स मुखिया यांनी नंतर विचारले की आमची जमीन, आमचा पाऊस, आमचा शेतकरी निराळा असता युरोपचा अंगरखा त्याला का चढवावा? हा वाद विद्वानांचा आहे, आम्ही त्यात पडत नाही. परंतु निदान या लोकांनी युरोपचे मध्ययुग वाचून मग तुलना केली. आमचा व्यासपीठावरचा वक्ता न वाचताच निकाल देतो.

या न वाचण्याची किंमत कोण भरतो? ती गोंदिया जिल्हाच भरतो, असे आम्हांस वाटते. फ्रँक, गॉथ, लोंबार्ड यांना रोमन लोक रानटी म्हणत. आज एका थोर राष्ट्राचे नाव फ्रँकांवरून आहे आणि इटलीचा एक समृद्ध प्रांत लोंबार्डांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या ‘रानटी’ पूर्वजांना त्यांनी इतिहासात घरी आणून बसवले. आमचे काय? कलचुरी जाजल्लदेवाच्या १११४ सालच्या रतनपूर शिलालेखात त्याला करभार देणाऱ्या मंडलांत लांजी, भंडारा, वैरागड यांची नावे येतात. यांतील लांजी तर आज मध्य प्रदेशात असली तरी आमगाव-सालेकशाला खेटून आहे. हा करभार कोणत्या अरण्यांतून, कोणाच्या कष्टांतून निघत होता, हे विचारावयाचे झाले तर गोंड, हलबा, गोवारी, ढीमर ही नावे घ्यावी लागतात. आमच्या भाषणात ती येत नाहीत. सालेकशाजवळच्या कचारगडास दर माघ पौर्णिमेस गोंड समाजाची प्रचंड यात्रा भरते, आणि आपल्या कुळांची कथा ते तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्या कथेत सनावळी नाही हे खरे. परंतु बीडच्या इतिहासातही चमत्कारांची रेलचेल आहे, म्हणून त्याला कोणी फेकून दिलेले नाही. भवभूतीचा उजेड ज्या जागी पाडायचा त्याच जागी हा काळोख ठेवायचा, असा जणू करार झाला आहे.

आणि तलाव! येथे आम्ही जाणूनबुजून हजार वर्षे पुढे येतो, कारण ज्या चष्म्याने आठवे शतक काळे दिसते त्याच चष्म्याने ही गोष्टही दिसेनाशी होते. विदर्भात तळी बांधणे जुने आहे. वाशिमजवळच्या हिस्सेबोराळा येथील शिलालेखात वाकाटक देवसेनाच्या स्वामिल्लदेव नावाच्या सेवकाने शके ३८०, म्हणजे इ. स. ४५८ च्या सुमारास, ‘सुदर्शन’ नावाचे तळे बांधल्याची नोंद आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात हे काम पुढे गोंड राजांच्या अमलात व नंतर कोहळी लोकांनी पराकोटीस नेले. जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन, अशी गोंड राजांची रीत असल्याचे सांगतात. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, आणि लोकांनी त्यांना देवपण देऊन डोंगरावर बसवले, अशी तेथील परंपरा आहे. ज्याने पाणी अडवले त्याचा देव होतो. ज्याने करभार वसूल केला त्याचा होत नाही, हे लोकांचे इतिहासलेखन आम्हांस शिलालेखांपेक्षा कमी वाटत नाही. उतार हेरून दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ घालायची, सांडव्याची उंची नेमकी ठेवायची, वरच्या बोडीचे पाणी खालच्या तलावात आणि तेथून धानाच्या बांध्यांत उतरवायचे, हे ज्ञान पाणचक्कीपेक्षा तिळभरही उणे नाही. युरोपचे विद्यार्थी पाणचक्कीवर ग्रंथ लिहितात. आमच्याकडे पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पाळीची माती कोणी घालायची आणि गाळ कोणी काढायचा हे ठरवणारी गावची जुनी वहिवाट बहुतेक ठिकाणी मोडली. कित्येक तलाव गाळाने भरले, कित्येकांच्या पोटात शेते शिरली. ज्यांनी ते पुन्हा उपसण्याचा उद्योग अलीकडे आरंभला त्यांत ढीमर मासेमार आहेत, गावकरी आहेत; महाकवीच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानांत त्यांना बोलावल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

आमच्या एका स्नेह्यांनी हा मजकूर वाचून विचारले, ‘मग आम्ही अभिमान बाळगायचाच नाही काय?’ खुशाल बाळगावा. भवभूती हा असा कवी आहे की त्याला उंच दाखवण्यासाठी शेजारी कोणाला खड्ड्यात उभे करावे लागत नाही. जॅरोचा साधू आणि पद्मपूरचा कवी या दोघांना एका बाकावर बसवून पाहा : दोघेही आपल्या काळच्या लोकभाषेपासून दूर गेलेल्या एका पवित्र भाषेत लिहिणारे, दोघेही राजांच्या पडझडीच्या काळातले, आणि दोघांच्याही घरी धान्य आणणारा मनुष्य नजरेआड राहिलेला. या बैठकीत मान कोणाचीच खाली जात नाही.

वक्त्यांस आमची एक व्यावहारिक सूचना आहे. पुढच्या वेळी व्याख्यान सभागृहात न ठेवता आमगावच्या आसपासच्या एखाद्या जुन्या तलावाच्या पाळीवर ठेवावे, भाद्रपदात, धान गर्भात असते तेव्हा. अध्यक्षस्थानी गावातला एखादा म्हातारा कोहळी किंवा ढीमर बसवावा. भाषणाआधी त्याला विचारावे की ही पाळ कोणाच्या पणजोबांनी घातली, सांडवा कोणत्या साली फुटला होता, आणि त्या साली पाण्याची पाळी कोणी सोडली. तो जे सांगेल ते कोणी तरी लिहून घ्यावे, नावांसकट, बायकांच्या नावांसकट. भवभूतीवरचे भाषण त्यानंतर झाले तरी चालेल; वेळ उरला तर.